जुने टाइपरायटर: कचेरीतले आणि इन्स्टिट्यूटमधले

महाराष्ट्रातल्या घरगुती संग्रहांतून विकायला निघणारे टाइपरायटर मुख्यतः दोन ठिकाणांहून आलेले असतात: कचेरी आणि टायपिंग इन्स्टिट्यूट. दोन्हीकडची झीज वेगळी, म्हणून भाव ठरवण्याआधी यंत्राचा पूर्वेतिहास पाहावा.

गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये मुंबईत पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. त्याआधी कचेऱ्यांत रेमिंग्टन, अंडरवूड अशी परदेशी यंत्रे असत. संगणक आल्यावर कचेऱ्यांनी ती लिलावात काढली. गोदरेजचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. इन्स्टिट्यूट मात्र तग धरून होत्या, कारण राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा याच यंत्रांवर होत असे. यंत्रावरची शेवटची परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली आणि मग भंगारवाल्यांकडे रांगेने यंत्रे गेली.

त्यात मराठी कळांची यंत्रेही गेली, हे फार मोठे नुकसान. या यंत्रात ख, ध, भ, श यांसाठी आधी अर्धे अक्षर आणि मग काना मारावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. उकार मारताना कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, पुढे सरकतच नाही. अशा यंत्राला इंग्रजीपेक्षा कमी भाव लावू नये. विकण्याआधी नमुना म्हणून सगळी कळपट्टी, शिफ्टसह, एका कागदावर मारून त्याचा फोटो द्यावा.

इन्स्टिट्यूटच्या यंत्रात पहिली तपासणी रोलरची, म्हणजे कागद ज्यावर गुंडाळतो त्या रबरी दांडक्याची. वर्षानुवर्षे रोज टाइपच्या (अक्षरांच्या) दांड्या आपटून रबर कडक होते आणि त्यावर खड्डे पडतात. पातळ कागदावर पूर्णविराम मारला आणि भोक पडले, तर रोलर गेला. तो नव्या रबराने मढवून मिळतो, पण खर्च किमतीतून वजा होतोच. कचेरीतले यंत्र बहुधा पडून राहिलेले असते. त्यात टाइपच्या दांड्या परत येत नाहीत, कारण सेगमेंटच्या (दांड्या बसवलेल्या अर्धगोल पट्टीच्या) खाचांत तेल वाळून चिकटलेले असते. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने खाचा साफ कराव्यात, रॉकेल रबराला आणि रंगाला लागू देऊ नये, नंतर तिथे तेल घालू नये. तेल घातले की धूळ पुन्हा धरते. कॅरेज सरकत नसेल तर यंत्र बाद समजू नका. अनेकदा स्प्रिंगच्या डब्यापासून कॅरेजला जाणारी दोरी तेवढी तुटलेली असते.

कळा काढून दागिन्यांसाठी विकणाऱ्याला यंत्र देऊ नये. ते पुन्हा जोडता येत नाही.

मोठे यंत्र साधारण १५ किलोचे. पाठवताना कॅरेज मध्यावर आणून दोन्ही मार्जिन स्टॉप (समास ठरवणारे अडसर) मध्याजवळ सरकवावेत, कॅरेज सांगाड्याला दोरीने बांधावी, आणि एका खोक्यात दुसरे खोके घालून मध्ये चारही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भरण ठेवावे. नुसत्या पेटीत पाठवलेले यंत्र आपटले की कॅरेजची पट्टी वाकते, आणि ती सरळ करणारे मिस्त्री आता मोजकेच राहिलेत.