युरेनियमच्या पदरात पडलेले तीन न्यूट्रॉन

जानेवारी २०२३मध्ये नागपूर विद्यापीठात विज्ञान काँग्रेस भरली. मार्चअखेर जपानमधून बातमी आली, युरेनियम-२४१ सापडले. जास्त न्यूट्रॉन असलेला युरेनियमचा नवा समस्थानिक १९७९नंतर प्रथमच मिळत होता. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात एका मुलीने फळ्यावर २४१ वजा २३८ (नेहमीच्या युरेनियममध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून २३८ असतात) अशी वजाबाकी मांडली आणि विचारले, "सर, हे तीन आले कुठून?"

प्लॅटिनमकडून. युरेनियमचा झोत प्लॅटिनमवर सोडला होता. काही अणुकेंद्रे एकमेकांना घासून गेली आणि जाता जाता तीन न्यूट्रॉन इकडचे तिकडे झाले.

ही देवघेव आधी हलक्या ड्यूटेरॉनमध्ये, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीत, दिसली. १९३५मध्ये ओपेनहायमर आणि फिलिप्स यांनी तिचा उलगडा केला: मोठ्या अणुकेंद्राजवळ गेलेल्या ड्यूटेरॉनमधला प्रोटॉन मागे रेटला जातो, न्यूट्रॉन तेवढा आत शिरतो. पुढे १९५०-५१मध्ये बटलर यांनी, सुटलेला प्रोटॉन कोणत्या कोनात जातो यावरून न्यूट्रॉन कोणत्या कक्षेत बसला, हे ओळखण्याची रीत दिली.

जड अणुकेंद्रांतही असे घडेल, हे ब्राइट आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये सुचवले. १९५६मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत रेनॉल्ड्स आणि झुकर यांनी नायट्रोजनवर नायट्रोजन आदळवून ते दाखवले. हा प्रयोग मला फार प्रिय आहे. नायट्रोजन-१४मधला एक न्यूट्रॉन गेला की उरतो नायट्रोजन-१३, किरणोत्सर्गी, अर्धायुष्य दहा मिनिटे. किरणोत्सर्गाची मोजणी दर दहा मिनिटांनी निम्मी होत गेली की समजायचे, न्यूट्रॉन गेला. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे अणुकेंद्रे टेकण्याआधीच तो टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेची भिंत न चढता आरपार, पलीकडे जाऊ शकतो. अशा टकरींना 'कमी ऊर्जेच्या' म्हणतात, पण ती ऊर्जाही किती? दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) पाच एमईव्ही, म्हणजे पन्नास लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जा धरली तरी वेग प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाइतका होतो!

१९७०च्या सुमारास रशियातल्या दुबना येथे व्होल्कोव्ह यांच्या गटाने थोरियमवर आर्गॉन आदळवून मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉनचे नवे समस्थानिक मिळवले. एकाच टकरीत अनेक न्यूक्लिऑन हलत होते. तरीही कित्येक वर्षे या वाटेकडे नवी अणुकेंद्रे घडवण्याचे साधन म्हणून फारसे कोणी पाहिले नाही, असे मला वाटते. २००८मध्ये झाग्रेबाएव आणि ग्राइनर यांनी हिशेब मांडला, की झेनॉन आणि शिशाच्या टकरीतून इतर मार्गांनी न मिळणारी जड अणुकेंद्रे मिळतील. आपल्याकडे दिल्लीच्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर 'हिरा' (HIRA) नावाच्या उपकरणाने अशा अभिक्रिया अभ्यासल्या जातात. नागपूरच्या मुलांसाठी ते एका रात्रीच्या गाडीचे अंतर आहे.

मुलीचा पुढचा प्रश्न होता, याचा उपयोग काय? मी तिला नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्याची आठवण करून दिली. तिथले सोने ताऱ्यांच्या प्रलयात घडले, आणि ज्या अणुकेंद्रांचा क्षय होत होत ते बनले त्यांतल्या अनेकांत १२६ न्यूट्रॉन असावेत. सोने कसे घडले हे समजायला ती अणुकेंद्रे प्रयोगशाळेत घडवून पाहावी लागतात; पण दोन स्थिर अणुकेंद्रे जोडली तर न्यूट्रॉन कमीच पडतात, कारण हलक्या अणुकेंद्रांत त्यांचे प्रमाणच कमी असते: कॅल्शियम-४०मध्ये २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, तर युरेनियम-२३८मध्ये ९२ आणि १४६. म्हणून १२६ न्यूट्रॉनांच्या त्या प्रदेशाकडे जाण्यासाठी आता या घासून जाणाऱ्या टकरी वापरल्या जात आहेत.