फ्रान्सच्या महिला फुटबॉल लीगचा २०२०–२१ हंगाम

फ्रान्समधील महिलांच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा, म्हणजे तेव्हाच्या ‘दिव्हिजियाँ १ फेमिनीन’ लीगचा, २०२०–२१ चा हंगाम सप्टेंबर २०२० ते जून २०२१ या काळात खेळला गेला. पॅरिस सें-जर्मेन (पीएसजी) संघाने या हंगामात एकही सामना न गमावता आपले पहिले विजेतेपद मिळवले आणि ऑलिंपिक ल्यों संघाची सलग चौदा विजेतेपदांची मालिका खंडित केली. ल्योंच्या आधी या लीगमध्ये विजेता ठरलेला शेवटचा संघ होता २००५–०६ मधील जुव्हिसी. हाच क्लब पुढे पॅरिस एफसी या नावाने खेळू लागला.

लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येकाने इतर अकरा संघांशी घरच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर एकेक, असे बावीस सामने खेळले. आधीचा हंगाम कोरोनाच्या साथीमुळे अर्धवट थांबवून गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्या ल्योंला विजेता घोषित करण्यात आले होते. नव्या हंगामावरही साथीची छाया होतीच. अनेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तर काही सामने खेळाडूंना लागण झाल्याने पुढे ढकलावे लागले.

ल्यों हंगामात उतरला तो युरोपचा विजेता म्हणून. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस व्होल्फ्सबुर्गला ३–१ ने हरवून त्याने चॅम्पियन्स लीग सलग पाचव्यांदा जिंकली होती. मात्र संघ पूर्वीइतका भक्कम उरला नव्हता. नॉर्वेची आघाडीवीर आदा हेगरबर्ग गुडघ्याच्या दुखापतीमुळे पूर्ण हंगाम मैदानाबाहेर राहिली आणि इंग्लंडची बचावपटू लुसी ब्राँझ मँचेस्टर सिटीकडे परतली. पीएसजीकडे याउलट ऐन भरातला संघ होता. गोलरक्षणाला चिलीची क्रिस्तियान एंडलर, बचावात स्पेनची कर्णधार इरेने पारेदेस, मध्यफळीत हंगामादरम्यान वयाची ४३ वर्षे पूर्ण करणारी ब्राझीलची फोर्मिगा आणि आघाडीला कादिदियातू दियानी व मारी-आंत्वानेत कातोतो अशी त्याची रचना होती. प्रशिक्षक होते फ्रान्सच्या महिला राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक ऑलिव्हिए एशुआफनी.

हंगामाचा निकाल ज्या सामन्यावर ठरला, असे मागे वळून पाहताना निःसंकोचपणे म्हणता येते, तो पीएसजी आणि ल्यों यांच्यात २० नोव्हेंबर २०२० रोजी पीएसजीच्या पार्क दे प्रँस मैदानावर प्रेक्षकांविना झाला. कातोतोच्या एकमेव गोलवर पीएसजीने तो १–० असा जिंकला. डिसेंबर २०१६ नंतर ल्योंचा लीगमधला हा पहिलाच पराभव होता आणि त्याने सलग ८० लीग सामने अपराजित राहण्याचा क्रम संपवला. २०१६ मध्येही ल्योंला हरवणारा संघ पीएसजीच होता.

हे दोन संघ त्या वसंतात युरोपीय स्पर्धेतही समोरासमोर आले. चॅम्पियन्स लीगच्या उपउपांत्य फेरीत पॅरिसमधील पहिला सामना ल्योंने वेंडी रेनारच्या पेनल्टीवर १–० असा जिंकला. साथीमुळे लांबलेला परतीचा सामना १८ एप्रिल रोजी झाला. तो पीएसजीने ल्योंच्याच मैदानावर २–१ असा जिंकला आणि दोन्ही सामने मिळून २–२ अशी बरोबरी झाल्यावर, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जाण्याच्या तेव्हाच्या नियमाने ल्यों स्पर्धेबाहेर गेला. त्याच महिन्यात ल्योंने प्रशिक्षक जाँ-लुक व्हासर यांना दूर करून माजी खेळाडू सोन्या बॉम्पास्तोर यांची नियुक्ती केली.

लीगमधील परतीची लढत ३० मे रोजी ल्योंच्या मोठ्या स्टेडियमवर झाली. तेव्हा पीएसजी एका गुणाने पुढे होता, त्यामुळे ल्योंला विजय हवाच होता आणि पीएसजीला बरोबरी पुरेशी होती. सामना ०–० असा सुटला. पाच दिवसांनी, ४ जून रोजी, पीएसजीने दिजोंला ३–० ने हरवून विजेतेपदावर शिक्कामोर्तब केले. अंतिम तक्त्यात पीएसजीचे वीस विजय व दोन बरोबरींसह ६२ गुण होते, तर ल्योंचे वीस विजय, एक बरोबरी व एका पराभवासह ६१. याच वर्षी पीएसजीच्या पुरुष संघाने आपले विजेतेपद लीलकडे गमावले, हे क्लबच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे.

हे आकडे थोडे बारकाईने पाहिले तर लीगचे खरे स्वरूप कळते. ल्योंने उरलेल्या दहाही संघांना दोन्ही वेळा हरवले, म्हणजे त्याने गमावलेला प्रत्येक गुण पीएसजीविरुद्धच गेला. पीएसजीलाही त्या दहा संघांविरुद्ध केवळ एका सामन्यात बरोबरी पत्करावी लागली. शिखरावर सत्तांतर झाले खरे, पण शिखर आणि बाकीची लीग यांमधली दरी या हंगामाने जराही कमी केली नाही. ल्योंच्या मक्तेदारीचा शेवट म्हणून या हंगामाचे कौतुक करताना ही बाजू अनेकदा सुटून जाते.

त्यातल्या त्यात लक्षवेधी कामगिरी बोर्दूची होती. तिसरे स्थान मिळवून हा संघ प्रथमच चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीपर्यंत पोहोचला, कारण स्पर्धेच्या नव्या स्वरूपानुसार फ्रान्सला आता दोनऐवजी तीन जागा मिळणार होत्या. बोर्दूची जमैकन आघाडीवीर खदिजा शॉ २२ गोलांसह लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली. विजेत्या संघातली कातोतो एका गोलने मागे राहिली. खालच्या श्रेणीतून नव्याने वर आलेल्या दोन संघांपैकी ल आव्रची एकाच हंगामात पदावनती झाली, तर इसीने आपले स्थान टिकवले.

विजेता संघ फार काळ एकत्र राहिला नाही. एशुआफनी यांनी क्लब सोडला, पारेदेस बार्सिलोनाकडे गेली, फोर्मिगा ब्राझीलला परतली आणि एंडलर थेट ल्योंमध्ये दाखल झाली. बॉम्पास्तोर यांच्या मार्गदर्शनाखाली ल्योंने २०२१–२२ मध्ये लीग आणि चॅम्पियन्स लीग ही दोन्ही विजेतेपदे परत मिळवली.