प्राणिगृहाची सीसीएसईए नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि हवेची व्यवस्था

प्रयोगासाठी पांढरे उंदीर, रॅट, गिनीपिग किंवा ससे ठेवायचे असतील, तर संस्थेची आणि तिच्या प्राणिगृहाची सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांचं नियंत्रण आणि देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे, नोंदणी लागते. ही समिती प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 15 खाली नेमलेली आहे. जुन्या फाइलींत तिचं नाव सीपीसीएसईए असं सापडेल; समिती तीच. कामकाज 1998 च्या नियमांनुसार चालतं.

महाविद्यालयं, संशोधन संस्था, औषध कंपन्या आणि प्राणी पैदा करून पुरवणारे ब्रीडर अर्ज करू शकतात. उच्च माध्यमिक स्तरापर्यंतच्या शाळा यात बसत नाहीत. फॉर्म ए भरताना नोंदणीचा हेतू नेमका निवडा: शैक्षणिक संशोधन, व्यावसायिक संशोधन, स्वतःपुरती पैदास की विक्रीसाठी पैदास. विक्रीचा हेतू नोंदवलेला नसेल, तर वाढलेले उंदीर शेजारच्या महाविद्यालयाला विकता येत नाहीत.

सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा ट्रस्ट डीड, प्राणिगृहाचा मोजमापांसह आराखडा, प्रजाती व त्यांची कमाल संख्या, पशुवैद्यकाची माहिती, उपकरणांची यादी, कामाच्या लेखी पद्धती आणि संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीच्या प्रस्तावित सदस्यांचे बायोडेटा तयार ठेवा. हे सगळं आठवड्याभरात जमतं. अर्ज रखडतो तो तपासणीत, आणि बहुतेकदा हवेवरून.

मार्गदर्शक तत्त्वांत तापमान 18 ते 29 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 30 ते 70 टक्के, तीही वर्षभर, अशी अपेक्षा आहे. विषाक्तता चाचण्या करणार असाल तर ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) चाचणी पद्धतीप्रमाणे रॅटची खोली 22 अधिक-उणे 3 अंशांत ठेवावी लागते. हवाबदल, म्हणजे खोलीभर हवा तासात किती वेळा बदलते ते, ताशी 12 ते 15 धरा. माणसांच्या वावराच्या भागाची हवा आणि प्राण्यांची हवा वेगळी हवी. ऑफिसच्या एसीचा रिटर्न डक्ट (हवा परत खेचणारी नळी) प्राणिगृहातून गेलेला दिसला, की त्रुटी ठरलेलीच.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे खोलीत दोन स्प्लिट एसी लावून मोकळं होणं. नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. डिस्प्लेवर 22 अंश दिसतात, पण पिंजऱ्यात लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करत राहतात आणि तो बाहेर पडायला वाट नसते. दार उघडताच नाकाला झोंबलं, तर उंदीर त्यात चोवीस तास आहेत हे लक्षात घ्या.

हिशोब सोपा आहे. खोली 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर उंच असेल तर आकारमान 72 घनमीटर. ताशी 15 हवाबदलांसाठी 1080 घनमीटर हवा, म्हणजे साधारण 636 सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). एएचयूच्या (हवा गार करून खोलीत ढकलणारं यंत्र) नेमप्लेटवरचा आकडा इथे लिहू नका. प्रत्येक ग्रिलवर अ‍ॅनिमोमीटर धरून वेग मोजा, त्याला ग्रिलच्या प्रत्यक्ष उघड्या क्षेत्रफळाने गुणा आणि सगळ्या ग्रिलची बेरीज करा. फिल्टर चोंदले की हीच बेरीज घसरते. म्हणून फिल्टर बदलल्याची तारीख आणि हवेची मोजणी एकाच लॉगबुकात लिहावी.

पावसाळ्यात दुसरं दुखणं सुरू होतं. कॉइल तापमान उतरवते, पण गारठलेली हवा जवळजवळ संपृक्त असते. रीहीट, म्हणजे ती हवा पुन्हा थोडी तापवायची सोय, नसेल तर खोलीत आर्द्रता सत्तरीपार जाते. उलट, कोरड्या हवेत रॅटच्या पिल्लांच्या शेपटीवर कड्यासारखे वळ उठतात. तापमान-आर्द्रता नोंदणारा डेटा लॉगर दाराजवळ किंवा ग्रिलखाली टांगू नका, पिंजऱ्यांच्या रॅकजवळ ठेवा; त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मुदतीत आहे ना, तेही बघा.

लहान प्राण्यांच्या खोल्यांना खिडक्या नसाव्यात अशी शिफारस आहे. वीज वारंवार जाते आणि पर्यायी वीजही नाही, अशा ठिकाणी मात्र उजेड-हवेसाठी खिडकी चालते. जनरेटर असेल तर त्यावर फक्त दिवे नकोत, एएचयू आणि एक्झॉस्टही हवेत. आयव्हीसी रॅक (प्रत्येक पिंजऱ्याला ब्लोअरने स्वतंत्र हवा देणारे) असतील तर हे आणखी गंभीर: ब्लोअर बंद पडला की त्या बंद पिंजऱ्यांत कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. तपासणीआधी मेन स्विच खाली पाडून एकदा खरोखर बघा.

नव्या प्राण्यांच्या क्वारंटाइनला वेगळी खोली आराखड्यात दाखवा. लहान प्राण्यांसाठी हा काळ एक आठवडा ते एक महिना असतो. तिथला दाब कॉरिडॉरपेक्षा कमी ठेवा, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत ओढली जाईल. साधी परीक्षा: दाराच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा, ती खोलीच्या दिशेने झुकली पाहिजे.

नोंदणी हातात आली म्हणजे प्रयोगाची परवानगी मिळाली असं नाही. प्रत्येक प्रकल्पासाठी फॉर्म बी वेगळा. लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेची नैतिकता समिती मंजूर करते, कुत्रा-माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांचे पुढे सीसीएसईएकडे जातात. नोंदणीला मुदत असते. प्रमाणपत्रावरची तारीख बघून नूतनीकरणाचा अर्ज काही महिने आधीच टाका आणि तोवरच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी, बिघाडाच्या दिवसांसकट, जपून ठेवा. सलग वर्षभर 23.0 लिहिलेलं रजिस्टर तपासणाऱ्याला लगेच खटकतं.