चिनाबच्या पुलाची उंची चढाने ठरवली

जम्मूहून काश्मीरला जाणाऱ्या रेल्वेच्या चिनाब पुलाचा रूळ नदीच्या तळापासून ३५९ मीटरवर का गेला, याचं उत्तर चढाच्या हिशेबात सापडतं. या मार्गाचं खरं दुखणं कटरा-बनिहाल या डोंगराळ टप्प्याचं.

इथे चढ धरला १०० मीटरला १ मीटर. आपल्या भोर घाटात तो ३७ ला १ आहे, म्हणून कर्जतला गाडीमागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. ती कटकट काश्मीरच्या वाटेवर नको होती. पण चढ एवढा सौम्य ठेवला की रूळ दरीत उतरू शकत नाही. दोन काठांवरच्या बक्कल आणि कौडी या गावांमध्ये त्याला वरूनच पलीकडे जावं लागलं. खाली नदीत खांब रोवणं अशक्यच, म्हणून दोन्ही डोंगरांवर पाय टेकलेली ४६७ मीटरची पोलादी कमान. काम कोकणात रेल्वे आणलेल्या मंडळींकडे. रत्नागिरीजवळचा त्यांचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच!

२००८ मध्ये काम थांबलं. आक्षेप असा: मार्ग ठिसूळ उतारांना बिलगून फार लांब जातो, चढ वाढवा, डोंगराच्या पोटातून लांब बोगद्यांनी सरळ जा, अंतरही घटेल. फेरतपासणी झाली आणि २०१० मध्ये जुन्याच आखणीवर काम पुन्हा सुरू झालं. आज त्या आक्षेपाला सर्रास खोडा म्हणतात, ते मला पटत नाही. शेजारच्या अंजी खड या दरीवरही आधी कमानच ठरली होती. तिथला डोंगर तेवढा भरवशाचा निघाला नाही आणि खांबाला ताणून बांधलेल्या ९६ केबल्सनी तोललेला पूल करावा लागला. बक्कल-कौडीलाही उतारात सळया रोवून डोंगर आधी बांधून घ्यावा लागला, मग कमान.

(‘आयफेलपेक्षा उंच’ ही तुलनाही फसवी आहे. ३५९ मीटर म्हणजे तळापासून रुळापर्यंतची पोकळी. बांधकाम तेवढं उभं नाही.)

केबल क्रेनने तुकडे नेत दोन्ही काठांकडून वाढवलेली कमान ५ एप्रिल २०२१ रोजी माथ्यावर जुळली. तिच्या पोलादी पेट्यांत काँक्रीट भरलंय, वाऱ्याने थरथरू नये म्हणून. ६ जून २०२५ पासून पूल वापरात आहे. आराखडा ताशी २६६ किलोमीटर वाऱ्याचा असला तरी वारा ९० च्या वर गेला की गाडी अलीकडेच थांबवायची.