हनौमा बेला जायचंय? परवाच्या पोहण्याचं बुकिंग आज सकाळी सातला

अमेरिकेतल्या मुलांकडे गेलेले आईबाबा हल्ली हवाईची फेरी हमखास करतात. तिथे ओआहू बेटावर, वायकीकीपासून साधारण १६ किलोमीटरवर, हनौमा बे आहे. जुन्या ज्वालामुखीच्या तोंडाची एक कड ढासळून समुद्र आत शिरला आणि ही अर्धगोल खाडी तयार झाली. आत प्रवाळ, रंगीत मासे, हिरवी कासवं. १९६७ पासून इथे मासेमारी बंद आहे. तरीही १९८० च्या दशकात वर्षाला तीसेक लाख माणसं इथे उतरायची आणि प्रवाळावर उभी राहून फोटो काढायची. आजचे कडक नियम त्यातूनच आले. ‘समुद्रकिनाऱ्यावर जायला तिकीट कशाला?’ असं फाटकावर विचारू नका.

हवाईसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, अमेरिकेचा पर्यटक व्हिसा पुरतो. मुख्य भूमीवरून येणारं विमानही देशांतर्गत असतं, पण पासपोर्ट जवळच ठेवा. खाडीवर तोच फोटो ओळखपत्र म्हणून चालतो. बुकिंग ज्याच्या नावावर, त्याचं ओळखपत्र हवं. जावयाच्या नावावर बुकिंग आणि जावई ऑफिसात, असा घोळ करू नका.

खरी अडचण बुकिंगचीच आहे. ते होनोलुलु शहराच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर होतं आणि फक्त दोन दिवस आधी, हवाईच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७ वाजता उघडतं. गर्दीच्या दिवसांत जागा काही मिनिटांत संपतात. खाडी सोमवारी आणि मंगळवारी बंद असते, त्यामुळे बुधवारी जायचं तर सोमवारी सकाळी सातला बसायचं. कॅलिफोर्नियातून करणार असाल तर तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे १० आणि हिवाळ्यात ९ वाजलेले असतात. पुण्यातून भाचा करून देणार असेल तर त्याच दिवशी रात्री साडेदहा. सगळ्यांची नावं, वयं आणि कार्ड आधीच हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी हुकलं तर दुसरा दिवस हाताशी हवा, म्हणून हनौमा सहलीच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे १३ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, २५ डॉलर पडतात. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, पण बुकिंगमध्ये माणसं मोजताना त्यांनाही धरा. हवाईचं ओळखपत्र असलेल्या रहिवाशांना पैसे नाहीत, शिवाय सकाळी पावणेसात ते नऊ त्यांना बुकिंगशिवाय सोडतात. तिथे राहणारे नातेवाईक सोबत असले तरी ही सवलत त्यांच्यापुरतीच. पार्किंगचे ३ डॉलर वेगळे. मुख्य म्हणजे, प्रवेशाचं बुकिंग झालं म्हणून गाडीला जागा मिळेलच असं नाही. सकाळची लवकरची वेळ घेतली की हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि पाणीही तेव्हाच शांत असतं.

खाली उतरण्याआधी सुमारे नऊ मिनिटांची फिल्म पाहावी लागते, ती कुणालाच चुकत नाही. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, माशांना खायला घालायचं नाही, कासवापासून निदान तीन मीटर लांब राहायचं, हे त्यात सांगतात. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन हवाईत २०२१ पासून विकता येत नाही. इथून नेत असाल तर मागचं लेबल वाचा, झिंक ऑक्साइडचं घ्या. त्याहून बरं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. पाठ पाण्यावर ठेवून तासभर मासे बघताना ऊन कळत नाही, रात्री मात्र कळतं.

नळी-चष्मा लावून तरंगायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. हे साहित्य तिथे भाड्याने मिळतं. आतल्या भागात पाणी उथळ आहे, नवख्यांनी तिथेच राहावं. प्रवाळाच्या भिंतीबाहेर ओढ जोरात असते, त्यामुळे जीवरक्षकांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये. सिलिंडर लावून डायव्हिंग करायचं तर प्रशिक्षणाचं कार्ड सोबत न्या, कारण डायव्हिंगची दुकानं त्याशिवाय सिलिंडर देत नाहीत. आणि ते वजन घेऊन परतीचा चढ चढायचाय, हे गुडघ्यांना विचारून ठरवा.

आता तारखेबद्दल एक गोष्ट. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिश येतात. त्यांचा डंख चांगलाच झोंबतो, आणि त्यांच्यामुळे कधीकधी खाडी बंदही ठेवतात. आपल्या हिशेबात हे दिवस वद्य अष्टमी ते दशमीच्या आसपास पडतात. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून घ्या.