बायोब्लिट्झ आणि पक्षीगणना: दिसायला सारखे, कामाला वेगळे

दोन्हीकडे गळ्यात दुर्बीण, हातात मोबाइल आणि मागे मुलांचा घोळका. त्यामुळे कुटुंबांसाठी निसर्ग-उत्सव आखताना फलकावर ‘बायोब्लिट्झ’ लिहायचं आणि प्रत्यक्षात पक्षी मोजत हिंडायचं, असं सर्रास होतं. उलटंही होतं. मग हाती येते ती ना धड यादी, ना धड गणना. खरा फरक प्रश्नाचा आहे. बायोब्लिट्झचा प्रश्न: इथे काय काय आहे? पक्षीगणनेचा: किती आहेत, आणि ते मोजायला किती वेळ दिला?

पक्षीगणना वयाने बरीच मोठी. 1900 च्या नाताळात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी शिकारीच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजायची कल्पना मांडली, तेव्हा 27 जणांनी 25 ठिकाणी गणना केली होती. बायोब्लिट्झ 1996 चा, वॉशिंग्टनमधल्या केनिलवर्थ जलोद्यानातला. ठरलेली जागा, 24 तास, आणि मुंगीपासून झाडापर्यंत ओळखता येईल ते सगळं.

बायोब्लिट्झमध्ये एका प्रजातीची एक चांगली नोंद पुरते. पन्नास चिमण्या दिसल्या तरी यादीत भर एकाचीच. त्यापेक्षा ओलसर सालीखालची गोम जास्त मोलाची. म्हणून इथे गट हळू चालतो, वाकतो, उचकटतो. एका जाणकारामागे आठ-दहा जणांहून जास्त असू नयेत, नाहीतर मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात. दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खालचा विंचू किंवा साप समोरच्या बाजूने निसटतो, आपल्या पायाकडे येत नाही. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच खळग्यात. लहान मुलांसाठी सगळ्यात हमखास उपाय म्हणजे पांढरी चादर: झुडपाखाली पसरायची, फांदीला काठीने दोन-तीन हलके ठोके द्यायचे आणि जे पडेल ते पाहायचं. जोरात झोडपलं तर नुसती पानं पडतात.

फोटोंची बहुतेक फसगत झाडांत होते. नुसत्या फुलाच्या फोटोवरून बऱ्याचदा जाणकारही प्रजातीपर्यंत पोचत नाही. फूल, पानाच्या दोन्ही बाजू, पानं फांदीला कशी लागली आहेत ते, आणि खोड, असे चार-पाच फोटो एकाच नोंदीत हवेत. अळंबीची टोपी वरून सगळ्यांनी टिपलेली असते, खालच्या पडद्या कुणीच नाही. ओळख बहुधा तिथेच दडलेली असते. ‘इनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरायला तारीख, जागा, फोटो किंवा आवाज, आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं प्रजातीवर एकमत लागतं. कुंडीतलं किंवा मुद्दाम लावलेलं झाड असेल तर ‘लागवडीचं’ अशी खूण करावी लागते. ही खूण न केल्यामुळे बागेच्या कुंपणाचं शोभेचं झुडूप रानटी वनस्पती म्हणून मिरवत राहतं. आणखी एक: व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केलेल्या फोटोंत जागेची माहिती गळून पडते. ज्याने काढला त्यानेच फोटो चढवावा.

पक्षीगणनेत हे सगळं उलट. इथे पन्नास चिमण्या दिसल्या तर पन्नास मोजायच्या, आणि फोटोची सक्ती नाही. लागतं काय, तर सुरुवातीची वेळ, एकूण मिनिटं, चाललेलं अंतर आणि मोजणाऱ्यांची संख्या. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जगभरच्या पक्षीगणनेत किमान 15 मिनिटं लागतात; मुलांच्या दमाला तेवढी बरोबर.

सगळ्यात महागात पडते ती ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीतली एक साधी खूण: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? कुटुंबाने खंड्या, हळद्या असे रंगीत पक्षी लिहिले, कावळे-पारवे ‘त्यात काय’ म्हणून सोडले आणि उत्तर ‘हो’ दिलं, की विश्लेषण करणारा असंच समजणार की त्या तासात तिथे कावळा नव्हता. पूर्ण यादीत न लिहिलेला पक्षीही माहिती देतो, म्हणूनच ती मोलाची. बायोब्लिट्झच्या यादीत कावळा नसला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बहुधा कुणाला त्याचा फोटो काढावासा वाटला नाही, एवढंच.

दुसरी चूक दुबार मोजणीची. अंगणात आधी तीन चिमण्या आल्या, मग पाच, मग दोन. बेरीज दहा येते, पण पक्षी कदाचित तेच. ब्रिटनमध्ये 1979 पासून चालत आलेल्या ‘बिग गार्डन बर्डवॉच’चा नियम यावर सोपा आहे: तासाभरात एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहायची, म्हणजे पाच. पण हा नियम सगळीकडे लावू नये. वाटेने पुढे जात असताना नव्या जागी दिसलेले पक्षी मिळवतच जायचे असतात. मोठा थवा आला तर आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते पाहायचं. आकडा अंदाजी असला तरी नुसतं ‘बरेच’ लिहिण्यापेक्षा शंभर पटीने बरा. एकत्र फिरलेल्या घरातल्या चौघांनी चार वेगळ्या याद्या पाठवल्या तर तेच पक्षी चौपट होतात. एकाने यादी लिहावी आणि तीच बाकीच्यांशी शेअर करावी.

दोन्ही एकाच दिवशी करता येतात, एकाच फेरीत मात्र नाही. दगड उलटवणाऱ्याची नजर जमिनीवर असते, शेंड्यावरचा पक्षी सुटतो, शिवाय गलक्याने निम्मे उडून जातात. उजाडताच लहान गटाने गणना करावी, यादी बंद करून वेळ नोंदवावी आणि मगच चादरी बाहेर काढाव्यात. बायोब्लिट्झमध्ये एखादा नवा पक्षी दिसला तर तो बायोब्लिट्झमध्येच लिहायचा. बंद झालेल्या यादीत घुसवला की मिनिटांचा हिशेब खोटा ठरतो.