गळफास आणि गळा आवळणे: एकाच गळ्यावरच्या दोन खुणा, दोन वेगळे तपास

‘गळफास घेतलेल्या अवस्थेत मृतदेह आढळला’ असे वाक्य बातमीत वाचले की आत्महत्या, आणि ‘गळा आवळल्याचे निष्पन्न झाले’ असे वाचले की खून, असा हिशेब आपल्या मनात परस्पर मांडला जातो. वाचकाचे एक वेळ चालून जाते. पण हाच हिशेब पोलीस ठाण्यात, शवविच्छेदनाच्या टेबलाशी आणि पुढे सरकारी वकिलाच्या टिपणात शिरला, तर त्याचे परिणाम फार लांबवर जातात. तपास अधिकारी, डॉक्टर आणि सरकारी वकील यांच्या प्रशिक्षणात सर्वात आधी सोडवायला हवा तो गुंता हाच आहे, कारण येथे दोन नव्हे तर चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. गळफास आणि गळा आवळणे ही मृत्यू कसा ओढवला याची वैद्यकीय नावे आहेत, तर आत्महत्या आणि खून ही तो कोणी व कोणत्या हेतूने ओढवला याची. पहिल्या जोडीविषयी डॉक्टर मत देतो. दुसऱ्या जोडीचा निवाडा मात्र परिस्थिती, साक्षी आणि अखेर न्यायालय यांच्यावर सोपवलेला असतो.

व्याख्या सोपी आहे. गळ्याभोवतीचा फास ज्या जोराने आवळला जातो तो जोर शरीराच्या स्वतःच्या वजनाचा असेल, मग ते वजन पूर्ण असो वा अंशतः, तर तो गळफास. तोच जोर बाहेरून, म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या हातांनी ओढलेल्या दोरीने किंवा ओढणीने आला असेल, तर ते गळा आवळणे. दोरी नसून नुसते हात असतील तर त्याला गळा दाबणे म्हणावे. बोलीत आपण आवळणे, दाबणे आणि घोटणे हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो, आणि पंचनाम्यातही ते तसेच उतरतात. उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमका तिथे बोट ठेवतो: पंचनाम्यात ‘आवळला’, फिर्यादीत ‘दाबला’, मग खरे काय? म्हणून तपास अधिकाऱ्याला पहिल्याच तासात भाषेचा हा धडा द्यायला हवा, असे माझे मत आहे. ‘फाशी’ हा शब्द तर पंचनाम्यातून काढूनच टाकावा, कारण न्यायालयाची शिक्षा आणि घरातला मृत्यू या दोन्हींसाठी तो एकच आहे, आणि ‘फाशी घेतली’ या क्रियापदात कर्ता आधीच ठरून गेलेला असतो.

आता गळ्यावरचा व्रण. नेहमीच्या गळफासात तो कंठमण्याच्या वर, हनुवटीच्या बाजूला असतो. तो तिरपा जातो, गाठीकडे चढत जातो आणि गाठीजवळ तुटतो, म्हणजे मानेभोवती पूर्ण वेढा घेत नाही. गळा आवळलेला असेल तर व्रण सहसा आडवा असतो, कंठमण्याच्या पातळीला किंवा त्याखाली असतो आणि मानेभोवती सलग फिरतो. चेहऱ्यातही फरक पडतो. शरीर पूर्ण लटकलेले असेल तर मानेतील शिरा आणि धमन्या दोन्ही एकदम दाबल्या जातात, त्यामुळे चेहरा बहुधा फिकट दिसतो. हाताने किंवा दोरीने आवळताना मात्र दाब कमीजास्त होत राहतो, शिरा बंद होतात आणि धमनीतून रक्त येतच राहते, म्हणून चेहरा काळानिळा व सुजलेला दिसतो आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर, पापण्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू उमटतात. हात वापरले असतील तर नखांचे अर्धचंद्राकृती ओरखडे दिसतात, आणि त्यांतले काही मृताचे स्वतःचेच, तो दाब सोडवताना उठलेले असतात. आत, मानेच्या स्नायूंत रक्तस्राव सापडतो. कंठातील हायॉइड हे घोड्याच्या नालेसारखे बारीक हाड गळफासापेक्षा गळा दाबण्याच्या प्रकारात अधिक वेळा मोडलेले आढळते. मात्र वयस्कर माणसांत ते गळफासातही मोडू शकते, आणि तरुणांत गळा दाबूनही शाबूत राहू शकते.

एक खूण विशेष मोलाची मानली जाते, ती म्हणजे गाठीच्या विरुद्ध बाजूला तोंडातून खाली उतरलेला लाळेचा ओघळ. फास बसताना लाळग्रंथी चेतवल्या जातात, आणि ते जिवंतपणीच घडू शकते, म्हणून हा ओघळ मृत्यूनंतर लटकवलेल्या देहावर सहसा मिळत नाही. दुर्दैवाने नेमकी हीच खूण सर्वात आधी पुसली जाते. देह खाली उतरवल्यावर घरातले कोणीतरी मायेने ओल्या फडक्याने तोंड पुसते, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

इतकी खुणांची यादी पाठ झाली की प्रशिक्षणार्थ्याला वाटते आपल्याला आता कळले. खरी अडचण तिथूनच सुरू होते. अंशतः लटकलेल्या स्थितीत व्रण खाली आणि बराच आडवा जाऊ शकतो, चेहराही काळवंडलेला दिसू शकतो, म्हणजे गळा आवळल्याचे अर्धे चित्र गळफासातच उभे राहते. पाय जमिनीला टेकलेले होते म्हणून हा खूनच, असे नातेवाईक ठामपणे सांगतात, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर असतेच असे नाही. उलट, खून करून देह लटकवलेला असेल तर वरचा तिरपा व्रण पाठ्यपुस्तकातल्यासारखा दिसेल, आणि त्याच्या खालचा फिकट, आडवा, पहिला व्रण पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटेल. म्हणून व्रणाकडे निकाल म्हणून पाहू नये, तो घटनास्थळाला विचारलेला एक प्रश्न आहे.

समजा, निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये, हंगामाच्या धांदलीत, सकाळी एक मृतदेह सापडतो. बीट अंमलदार पोहोचेपर्यंत गावकऱ्यांनी देह उतरवलेला असतो, दोरी कोयत्याने गाठीवरच कापलेली असते आणि शेडमध्ये वीस माणसे फिरून गेलेली असतात. जे उरले ते वाचवण्याची रीत ठरलेली आहे. फास गाठीपासून दूर कापायचा, कापलेली टोके दोऱ्याने बांधून ठेवायची आणि गाठ मुद्देमाल म्हणून जशीच्या तशी जपायची, कारण गाठीचा प्रकार आणि ती बांधणाऱ्या हाताची सवय यावरून बरेच कळते. आढ्याच्या लाकडावरचे तंतू कोणत्या दिशेने झुकले आहेत, धूळ कुठे पुसली आहे, उभे राहायला जवळ काही होते का, मृताच्या तळहाताला दोरीचे तंतू चिकटले आहेत का, मोजमाप केल्यास उंची जुळते का, हे सगळे मीटरच्या पट्टीसह छायाचित्रांत यायला हवे. देह आधीच उतरवला असेल तर तो कोणी, किती वाजता आणि कसा उतरवला याचा जबाब त्याच दिवशी घ्यावा. आठ दिवसांनी घेतलेल्या जबाबात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते.

इथे कायद्याची एक फट आहे, आणि ती मला सर्वात जास्त खटकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि त्या कामाचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. पण गळफास म्हणून खबर आली की ठाण्यात गुन्हा दाखल होत नाही, अकस्मात मृत्यूची नोंद होते, ज्याला सगळे ‘ए.डी.’ म्हणतात. ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, त्यामुळे कलमातली ही अपेक्षाच तिथे लागू पडत नाही. म्हणजे ज्या शंकेचे निरसन तज्ज्ञाने करायचे ती शंका आधी हवालदाराला यावी लागते, तरच तज्ज्ञ येणार. ए.डी.चा मरणोत्तर पंचनामा संहितेच्या कलम १९४ खाली होतो आणि त्याचा अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना स्त्रीचा असा मृत्यू झाला तर कलम १९६ प्रमाणे दंडाधिकारीय चौकशी होते. प्रत्यक्षात तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात, आणि गळ्यावरचा व्रण वाचायचा कसा, हे त्यांना कोणी शिकवलेले असतेच असे नाही.

डॉक्टरांकडे वळले तर ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी एम.बी.बी.एस. असतो, न्यायवैद्यकाचा विशेषज्ञ नसतो. बाहेर ओ.पी.डी.ची रांग असते आणि दाराशी अंत्यविधीची घाई करणारे नातेवाईक. त्याने कितीही घाईत असले तरी एक गोष्ट सोडू नये. मानेचे विच्छेदन शेवटी करावे. आधी डोके आणि छाती उघडून मानेतले रक्त निचरू द्यावे आणि मगच मानेचे स्नायू थराथराने सोडवावेत, कारण रक्ताने भरलेली मान तशीच उघडली तर चाकूने झालेला रक्तस्राव आणि आवळल्याने झालेला रक्तस्राव यांत फरक करता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली, तेव्हा खून, आत्महत्या आणि संशयास्पद मृत्यू सर्वसाधारणपणे त्यातून वगळले. चेहऱ्याचा निळेपणा आणि ते बारीक रक्तबिंदू ट्यूबलाइटखाली ज्यांनी शोधले आहेत त्यांना याचे कारण सांगावे लागत नाही. आणि अहवालात नुसते ‘श्वास गुदमरून मृत्यू’ लिहिणे म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे ठेवणे आहे, कारण दोन्ही प्रकारांत ते खरेच असते.

सरकारी वकिलाच्या टेबलावर हा फरक कलमांच्या रूपाने येतो. गळा आवळल्याचे सिद्ध होत असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३, म्हणजे खून. गळफासाने आत्महत्या असेल आणि कोणी तिला प्रवृत्त केले असेल तर कलम १०८, कमाल दहा वर्षे. लग्नाला सात वर्षे न झालेल्या विवाहितेच्या बाबतीत कलम ८०, हुंडाबळी, या दोन्हींच्या मध्ये उभे असते, कारण तिथे मृत्यू अनैसर्गिक असणे आणि मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी छळ झालेला असणे महत्त्वाचे ठरते, तो गळफास होता की गळा आवळलेला होता हे दुय्यम होते. यामुळेच काही वेळा तपास अधिकारी सोपा रस्ता धरतो आणि कलम ८० लावून व्रणाचा प्रश्न अर्धवट सोडतो. नवविवाहितेच्या खुनाला त्यातून कमी शिक्षेचे नाव मिळते, ही गोष्ट वकिलाने आरोपपत्र दाखल होण्याआधी बोलून दाखवली पाहिजे.

खुनाचा खटला बंद घरातला असेल तर तो बहुधा परिस्थितिजन्य पुराव्यावर चालतो. अशा पुराव्याची साखळी कशी अखंड हवी याच्या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात घालून दिल्या. २००६ मध्ये, तोही महाराष्ट्रातलाच खटला, सासरी मृत्यू पावलेल्या स्त्रीला साप चावल्याचे सांगण्यात आले होते आणि शवविच्छेदनात गळ्यावरच्या दाबाने गुदमरल्याचे निघाले. घराच्या चार भिंतींआड घडलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी घरातल्यांवर येते, हे न्यायालयाने तिथे पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या कलम १०६ च्या आधाराने सांगितले. तीच तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. पण घरातल्यांकडे स्पष्टीकरण मागण्याआधी सरकार पक्षाला आपला पाया भरावा लागतो, आणि तो पाया गाठ, ओघळ आणि मानेतला रक्तस्राव यांचाच असतो.

नाशिकची गंमत अशी की ही साखळी शिकवणाऱ्या जवळपास सगळ्या संस्था एकाच शहरात आहेत. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, जिथे राज्यभरातले उपनिरीक्षक घडतात. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे प्रादेशिक केंद्र आहे आणि जिल्हा न्यायालय शहराच्या मध्यात आहे. प्रशिक्षण मात्र ज्याचे त्याने आपापल्या वर्गात घ्यावे असा रिवाज आहे. माझ्या मते खरा उपयोग तेव्हा होईल, जेव्हा एकच प्रकरण, नावे काढून टाकून, उपनिरीक्षक, वैद्यकीय अधिकारी आणि सहायक सरकारी अभियोक्ता एका टेबलाशी बसून तपासतील. प्रत्येकाने आधी आपले मत कागदावर लिहून ठेवावे आणि मग कागद उघडावेत. कोणता प्रश्न कोणी विचारलाच नाही, ते तेव्हा दिसते.

हे सगळे मृतांविषयी झाले. गळफासातून वाचलेला माणूस थेट रुग्णालयात नेला जातो. पण नवऱ्याने गळा दाबल्यावर वाचलेली बाई, आली तर, पोलीस ठाण्याच्या बाकावर येऊन बसते, आणि मानेवर काही दिसत नसल्याने तिची तक्रार न्याय संहितेच्या कलम ११५(२), म्हणजे साधी दुखापत, याखाली अदखलपात्र म्हणून, ‘एन.सी.’त, नोंदवून तिला परत पाठवले जाते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात अशा ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा निम्म्या प्रकरणांत गळ्यावर दिसण्याजोगी खूणच नव्हती. त्यानंतर २००८ मधील आणखी एका अमेरिकी अभ्यासात आढळले की ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी दाबलेला आहे तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. इंग्लंड-वेल्समध्ये ७ जून २०२२ पासून मृत्यू न ओढवताही गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. आपल्याकडे वेगळे कलम नाही, पण जिवाला धोका पोहोचवणारी इजा न्याय संहितेच्या कलम ११६ च्या व्याख्येत गंभीर दुखापतच ठरते, आणि हेतू दिसत असेल तर त्याच संहितेचे कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, उपलब्ध आहे. तिथवर जायचे तर ठाणे अंमलदाराने त्या बाकावर बसलेल्या बाईला मान दाखवायला सांगण्याआधी विचारावे: ताई, आवाज बसला आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, मध्ये किती वेळाचे काही आठवत नाही, त्या वेळी कपड्यात लघवी झाली होती का, आणि तो तेव्हा तोंडाने काय म्हणत होता. उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि तिला त्याच रात्री डॉक्टरांकडे पाठवावे, कारण मानेच्या आतली सूज कधीकधी काही तासांनी वाढते.